इंकस्केप आठ महिने रोज वापरून झाल्यावर: कुठे अडले, कसं सुटलं

माझं काम छोटंच आहे. रेडियमचे स्टिकर, रिक्षा-टेम्पोच्या काचेवरची नावं, संक्रांतीच्या वाणावर लावायची लेबलं, बारशाची आमंत्रणं. आधी कोरेल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरवर बसायचे, पण ते दुसऱ्याच्या दुकानात आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर. स्वतःचं काम घरून सुरू केल्यावर लायसनचे पैसे बघितले आणि गुपचूप त्याच कामाचं इंकस्केप उतरवून घेतलं. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, 2003 पासून चालू आहे. तरी पहिला महिना मी त्याला रोज शिव्या घातल्या, आणि आता मागे वळून बघितलं तर त्यातल्या निम्म्याहून जास्त शिव्या मलाच लागू होत्या.

कारण एकच. मी जे सिलेक्ट केलंय ते नक्की काय आहे हेच मला माहीत नसायचं. टेक्स्ट आहे, पाथ (रेघांनी काढलेला आकार) आहे, ग्रुप (एकत्र बांधलेल्या वस्तू) आहे, की क्लोन (मुळाशी जोडलेली नक्कल) आहे? स्क्रीनवर चौघंही सारखेच दिसतात. खिडकीच्या अगदी तळाला एक बारीक पट्टी आहे, तिच्यावर हे लिहून येतं, पाथ असेल तर त्यात किती नोड (रेघेवरचे बिंदू) आहेत तेसुद्धा. मी ती पट्टी दीड महिना वाचलीच नव्हती, कोण वाचतंय खाली बारीक अक्षरात काय लिहिलंय ते.

पहिला मोठा फटका तिथेच बसला. एका रिक्षावाल्या काकांना मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' हवं होतं. फॉन्ट निवडला, टाइप केलं, झकास दिसलं. टेक्स्ट तसंच पाठवलं तर प्लॉटरच्या (रेडियम कापायच्या मशीनच्या) कॉम्प्युटरवर तो फॉन्ट नसतो, म्हणून ऑब्जेक्ट टू पाथ करायचं (कंट्रोल शिफ्ट सी) एवढं मला माहीत होतं. केलं, फाइल प्लॉटरला दिली, आणि सोलायला बसले तर प्रत्येक काना वेगळा, वेलांटी वेगळी, शिरोरेघेचे तुकडे तुकडे. आपली अक्षरं फॉन्टमध्ये सुट्ट्या भागांची असतात ना, श वेगळा, त्याची वेलांटी वेगळी, आणि जोड दिसू नये म्हणून ते एकमेकांवर थोडे चढवलेले असतात. स्क्रीनवर काळ्यावर काळं, काही कळत नाही. प्लॉटरचं पातं मात्र प्रत्येक तुकड्याची कड कापतं, म्हणजे अक्षराच्या पोटातून सुद्धा. मीटरभर रेडियम गेलं. खालच्या पट्टीवर तेव्हा स्वच्छ लिहिलेलं होतं की हा दहा-बारा वस्तूंचा ग्रुप आहे! उपाय एका मिनिटाचा: पाथ केल्यावर ग्रुप सोडायचा (कंट्रोल शिफ्ट जी), सगळं सिलेक्ट करून पाथ मेनूतलं युनियन, म्हणजे तुकडे एकजीव होतात. मग पट्टीवर एकच पाथ दिसला पाहिजे. आणि कापायला देण्याआधी व्ह्यू मेनूत डिस्प्ले मोडमध्ये आउटलाइन करून बघायचं, रंग जातात नुसत्या रेघा राहतात, पातं जे बघणार तेच तुम्हाला दिसतं. आता हे केल्याशिवाय मी एक फाइल बाहेर सोडत नाही. मूळ टेक्स्टची कॉपी मात्र बाजूला ठेवा, पाथ झाल्यावर स्पेलिंग दुरुस्त करता येत नाही, आणि आपल्याकडे गिऱ्हाईक ऱ्हस्व-दीर्घ शेवटच्या क्षणीच बघतं.

मराठी टायपिंगची गंमत अजून आहे. युनिकोड फॉन्ट असेल तर जोडाक्षरं व्यवस्थित येतात, मुक्ता, बालू, यात्रा वन सगळे फुकट मिळतात, यात्रा वन तर मुंबई लोकलच्या पाट्यांवरच्या अक्षरांवरून केलाय, मला फार आवडतो. मोदक नावाचा एक गलेलठ्ठ फॉन्ट आहे, फ्लेक्सवर भारी दिसतो, पण त्यातल्या फटी इतक्या बारीक आहेत की छोट्या स्टिकरला रेडियम सोलताना डोळे फुटतात, तिथे नका वापरू. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमधला मजकूर कोणी पाठवला तर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो, तो सरळ युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करा, वेळ वाचतो. आणि अक्षरांमधलं अंतर वाढवायचा मोह आवरा. इंग्रजीत छान दिसतं, मराठीत शिरोरेघ तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो.

दुसरी डोकेदुखी म्हणजे बॉर्डर. लेबलला 1 मिलिमीटरची बारीक बॉर्डर दिली, लेबल मोठं केलं तर बॉर्डर पण जाड झाली. सिलेक्ट टूल धरलं की वरच्या पट्टीत उजवीकडे छोटी छोटी बटणं येतात, त्यातलं एक स्ट्रोक (म्हणजे बॉर्डरची रेघ) आकाराबरोबर वाढू द्यायचा की नाही ते ठरवतं, दुसरं गोल कोपऱ्यांचं आहे. कधी चालू ठेवायचं कधी बंद हे कामावर आहे. आणि प्लॉटरसाठी काम असेल तर लक्षात ठेवा, पात्याला रेघेची जाडी कळत नाही, 5 मिलिमीटरची जाड रेघ काढली तरी ते मधोमध एकच चीर मारतं, त्यामुळे आधी स्ट्रोक टू पाथ करून रेघेचा आकार बनवायचा.

पाथ मेनूतल्या डिफरन्सने भोक पाडताना उलटंच कापलं जातंय असं वाटतं तेव्हा वरखाली बघा, वरचा आकार खालच्यातून वजा होतो. होम दाबलं की सगळ्यात वर, एंड दाबलं की सगळ्यात खाली. वस्तू गायबच झाली तर आधी 4 दाबा, म्हणजे असेल तिथपर्यंत सगळं चित्र एका नजरेत येतं, माझ्या वस्तू नेहमी पानाच्या दोन हात बाहेर सापडायच्या. नाहीतर फिल अँड स्ट्रोकमध्ये ओपॅसिटी (वस्तू किती फिकी आहे ते) बघा.

आता ट्रेस बिटमॅप, म्हणजे फोटोवरून आपोआप पाथ काढून देणारी सोय. यावर माझं मत जरा कडक आहे. सगळे नवीन लोक (मी पण) समजतात की व्हॉट्सअॅपवर आलेला मंडळाचा लोगो टाकला, बटण दाबलं, झाला व्हेक्टर (कितीही मोठा केला तरी न फाटणारा रेघांचा आकार). होतो की! पण पट्टी बघितली तर 2,300 नोड, गणपतीची सोंड करवतीच्या दात्यासारखी, आणि खाली मूळ फोटो तसाच पडलेला असतो, तो काढायचा राहिला की लोक म्हणतात ट्रेस झालंच नाही. सिम्प्लिफाय (कंट्रोल एल) दोन-तीनदा मारलं तर नोड कमी होतात पण कोपरेही वितळतात. फोटो स्वच्छ, काळापांढरा, मोठा असेल तर ट्रेस उत्तम काम करतं, हे मान्य. पण व्हॉट्सअॅपवर दहा ग्रुप फिरून आलेला फोटो असेल तर लेयरवर लॉक करून फिका करा आणि बी दाबून पेन टूलने हाताने गिरवा. पहिल्यांदा मला दोन तास लागले, आता वीस मिनिटं, आणि नोड चाळीसच्या आत. नोड जिथे वळण सर्वात बाहेर जातं तिथे टाकायचा, दर सेंटीमीटरला टाकत बसायचं नाही, एवढं कळलं की रेघ आपोआप गुळगुळीत होते.

क्लोनचं मात्र कौतुक करावं तेवढं थोडं. वाणाची 48 लेबलं एका पानावर बसवायची होती, मी डुप्लिकेट न करता क्लोन केले (ऑल्ट डी). रात्री ताईंचा फोन, आडनाव चुकलंय. मूळ एकात बदललं, बाकीची 47 आपोआप. क्लोन स्वतः मात्र एडिट होत नाही, तेव्हा चिडू नका, पट्टीवर क्लोन लिहिलं असेल तर शिफ्ट ऑल्ट डीने तोडा.

फ्लेक्सला 10 बाय 4 फूट असेल तर पीएनजी 72 डीपीआयने (इंचाला 72 पिक्सेल) काढते, म्हणजे 8640 बाय 3456 पिक्सेल. लांबून बघायचं असतं, त्याला 300 लावलंत तर लॅपटॉप गार पडतो. गिऱ्हाइकाला नमुना पाठवताना मागे पांढरा चौकोन टाका, नाहीतर पारदर्शक भाग त्यांच्या फोनवर काळा दिसतो आणि 'ताई काळं का केलंत' सुरू होतं. छापखान्यात एसव्हीजी (इंकस्केपची मूळ फाइल) देण्यापेक्षा पीडीएफ द्या. एसव्हीजीत इंचाला 96 पिक्सेल धरतात, दुसरं सॉफ्टवेअर 72 धरून बसलं तर माप बदलतं, माझा एक स्टिकर असाच भलत्या मापाचा निघाला होता.

खरी उणीव रंगाची. ऑफसेट छपाईला लागतो तसा सीएमवायके (चार शाईंचा रंग) इथून थेट निघत नाही, पीडीएफ आरजीबीतच (स्क्रीनच्या रंगांतच) जाते. स्क्रिबस या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये नेऊन करता येतं, मी दोनदा केलं, पण दर पत्रिकेला तेवढा खटाटोप परवडत नाही. रेडियमला काही फरक पडत नाही, रंग रोलचाच असतो. लग्नपत्रिकेत मात्र स्क्रीनवरचा पोपटी कागदावर शेवाळी होतो, म्हणून ते काम असलं की मी छापखान्यात जाते, त्यांच्याच जुन्या छापलेल्या पत्रिकांचा गठ्ठा मागते आणि बोट ठेवून सांगते, दादा, हा हिरवा.