डोंगल, वाय-फाय कार्ड की साधं लॅन कार्ड? पोर्ट जळाल्यावर मी तिन्ही करून पाहिलं

दोन वर्षांपूर्वी मेच्या शेवटी वळवाचा पाऊस आला आणि जाताना माझ्या डेस्कटॉपचा लॅन पोर्ट, म्हणजे नेटची केबल खोचायची खाच, घेऊन गेला. तेव्हा आमच्याकडे नेट यायचं ते गच्चीवरच्या स्विचमधून खिडकीवाटे आत ओढलेल्या तांब्याच्या केबलने. वीज कुठे पडली कोण जाणे. राउटर मेला आणि त्याच्यामागोमाग मदरबोर्डवरचा पोर्टही. बाकी मशीन ठणठणीत. पुढे इमारतीत फायबर आलं, पण त्याचा डबा हॉलमध्ये, दारापाशी बसला. माझं टेबल मागच्या खोलीत, मध्ये तीन भिंती. म्हणजे पोर्टही नाही आणि राउटरही लांब.

एरवी वेगळं नेटवर्क कार्ड घ्यायची वेळ येत नाही, हे आधीच सांगून टाकतो. ते मदरबोर्डवरच असतं. तुमचा पोर्ट खरंच गेलाय का, ते आधी बघा. केबल लावल्यावर पोर्टच्या कडेचे बारीक दिवे लागत असतील तर कार्ड बहुधा जिवंत आहे, भानगड ड्रायव्हरची (कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) किंवा सेटिंगची असेल. दुसरी केबल लावूनही दिवे नाहीत आणि विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्येही कार्डाचं नाव नाही, तर मग खिशात हात घाला. यातून सुटका म्हणून मदरबोर्ड बदलायला सांगणारे दुकानदार भेटतात. त्यांना नमस्कार करून बाहेर पडा.

या कार्डाचं काम म्हटलं तर पोस्टमनचं. आतल्या माहितीच्या फ्रेम, म्हणजे छोटे गठ्ठे, बांधून तारेवर किंवा हवेत सोडायच्या आणि येणाऱ्यांपैकी आपल्या पत्त्यावरच्या तेवढ्या तपासून आत घ्यायच्या. तो पत्ता म्हणजे ४८ बिटांचा मॅक ॲड्रेस. केबलवाल्याकडून नेट घेण्याचा जमाना ज्यांनी पाहिलाय त्यांना तो वेगळ्याच कारणाने आठवत असेल. कार्ड बदललं की नेट बंद, मग केबलवाल्याला फोन लावून बारा अक्षरं वाचून दाखवायची, ‘बी फॉर बॉम्बे, डी फॉर दिल्ली’ करत. आता मध्ये राउटर असल्यामुळे कार्ड बदललेलं बाहेर कुणाला कळतही नाही.

मी सुरुवात केली डोंगलपासून, म्हणजे यूएसबी पोर्टला खोचायच्या वाय-फायच्या कांडीपासून, कारण तेच सगळ्यात सोपं. कॅबिनेट उघडायला नको, स्क्रू नको. लावलं की आधी सीडी ड्राइव्ह म्हणून दिसतं, त्यातला ड्रायव्हर टाकला की वाय-फाय सुरू. पहिले चार दिवस मी खूश होतो. पाचव्या दिवशी सकाळी साडेनऊच्या मीटिंगला बसलो, मशीन झोपेतून उठवलं, तर डोंगल गायब. काढून परत लावलं, आलं. दुसऱ्या दिवशी तेच. रोज मशीन झोपलं की डोंगलही झोपायचं, आणि मशीन उठलं तरी हे उठायचं नाही.

उपाय केले. पॉवर मॅनेजमेंटमध्ये जाऊन वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला जी परवानगी असते, तिची खूण काढली. यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेल्या यूएसबी वस्तूला झोपवणारी सेटिंग, बंद केली. रोजचं दुखणं आठवड्यातून दोनदावर आलं, पण गेलं नाही. कॅबिनेट टेबलाखाली आणि पोर्ट मागच्या बाजूला, म्हणून सकाळी सकाळी गुडघ्यावर बसून, कपाळ जमिनीला टेकेपर्यंत वाकून ते उपटायचं, पाच आकडे मोजायचे, परत खोचायचं. बायको चहा घेऊन यायची आणि विचारायची, ‘झाला का नमस्कार?’

पुढच्या पोर्टला लावावं तर शेजारी यूएसबी ३ ची हार्ड डिस्क. यूएसबी ३ च्या जोडणीतून २.४ गिगाहर्ट्‌झच्या आसपास गोंगाट सुटतो आणि जवळ असलेल्या वायरलेस वस्तूंना त्याचा त्रास होतो, हे मला माउस अडखळायला लागल्यावर कळलं. यूएसबीची हातभर एक्स्टेंशन लावून डोंगल दूर नेलं की फरक पडतो, तेवढं मात्र खरं. सगळीच डोंगलं अशी असतील असं मी म्हणणार नाही. माझं होतं.

मग भाच्याने त्याचं वाय-फाय कार्ड आठ दिवसांसाठी दिलं, पीसीआय एक्सप्रेसवालं, म्हणजे मदरबोर्डवरच्या स्लॉटमध्ये बसणारं, त्यावर इंटेलचं एएक्स२१० हे वाय-फाय मॉड्यूल. हा माल चांगला आहे. झोपेतून उठल्यावर लगेच जागेवर हजर. अँटेना लोहचुंबकाच्या बैठकीवर, ती कॅबिनेटच्या मागून काढून टेबलावर ठेवता येते. डोंगलपेक्षा हे पारडं नक्कीच जड. घेणार असाल तर दोन-तीन गोष्टी मात्र बघून घ्या. बोर्डावर आखूड स्लॉट आहे म्हणून भागत नाही, माझ्याकडे तो ग्राफिक्स कार्डाच्या पोटाखाली गेला होता आणि कार्ड शेवटच्या स्लॉटमध्ये बसवावं लागलं. यातलं ब्लूटूथ पीसीआय एक्सप्रेसवर चालत नाही, त्याला आतल्या नऊ पिनांच्या यूएसबी हेडरला (बोर्डावरच्या जोडणीला) वेगळी वायर जोडावी लागते. माझ्या बोर्डावर तो हेडर एकच, आणि त्यावर पुढचे यूएसबी पोर्ट बसलेले. आणि कुणी स्वस्तात एएक्स२०१ किंवा एएक्स२११ देत असेल तर घाई करू नका. ती इंटेलच्या ठरावीक चिपसेटवरच चालतात, एएमडीच्या बोर्डावर नाहीत.

तरीही रात्री नऊनंतर माझे कॉल अडखळायचेच. यात कार्डाचा दोष नाही. वाय-फाय म्हणजे चाळीतला नळ. एका चॅनेलवर एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं, आणि त्या रांगेत शेजारच्यांचे राउटरही उभे. ५ गिगाहर्ट्‌झवर गर्दी कमी, पण तीन भिंती ओलांडून माझ्या टेबलापर्यंत ते पोचता पोचता दमून जायचं. तारेचं तसं नाही. ती फक्त तुमची, आणि एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं दोन्ही चालतं.

शेवटी पुण्याच्या तापकीर गल्लीतून साधं गिगाबिट (१००० एमबीपीएसचं) लॅन कार्ड आणलं, सातशेच्या आतबाहेर. दुकानात मागताना ‘पीसीआय एक्सप्रेस’ असं स्पष्ट म्हणा, नाहीतर जुन्या पीसीआयचं कार्ड हातात येईल आणि ते नव्या बोर्डात बसणार नाही. अडीच गिगाबिटवालीही मिळतात, पण राउटरचा पोर्ट एक गिगाबिटचा असेल तर त्या जादा पैशांचं घरात काय करायचं ते मला सुचलं नाही.

कार्ड बसवायला दहा मिनिटं लागली, केबल ओढायला अख्खा रविवार. पंधरा-सोळा मीटर, दाराच्या चौकटीवरून, स्कर्टिंगला क्लिपा ठोकत. केबल घेताना तांब्याचीच घ्या, तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार स्वस्त पडते पण वाकवली की तुटते. एवढं सगळं करून स्पीड आला ९४ एमबीपीएस. प्लॅन २०० चा. कार्डावर वैतागलो, आणि चूक निघाली माझ्याच हातची. १०० एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, केशरी आणि हिरव्या जोडीतल्या. गिगाबिटला आठही लागतात. माझी तपकिरी तार क्रिम्प करताना, म्हणजे प्लग दाबून बसवताना, प्लगच्या टोकापर्यंत गेलीच नव्हती, आणि कार्ड गुपचूप १०० वर उतरलं होतं. प्लग कापून परत केला: केशरी-पांढरी, केशरी, हिरवी-पांढरी, निळी, निळी-पांढरी, हिरवी, तपकिरी-पांढरी, तपकिरी. दिवा लागला आणि स्पीड दोनशेपाशी जाऊन बसला. त्यानंतर एकदाही मी सकाळी टेबलाखाली गेलो नाही.

भाड्याच्या घरात असाल, मालक खिळाही ठोकू देत नसेल, तर वाय-फाय कार्डच घ्या, वाईट वाटून घेऊ नका. राउटर त्याच खोलीत असेल तर कदाचित फरक जाणवणारही नाही. लॅपटॉपवाल्यांनी यूएसबी ३ चा लॅन ॲडॉप्टर घ्यावा, यूएसबी २ चा ४८० एमबीपीएसच्या पलीकडे जाऊच शकत नाही. डोंगल घरात एखादं असू द्यावं. नवीन विंडोज टाकल्यावर कार्डाचा ड्रायव्हर उतरवायला कामी येतं, माझं खणात त्यासाठीच ठेवलंय.

तारेचा एक तोटा मात्र मान्य करायला हवा. वीज आत येते ती तारेनेच. आता बाहेरून फायबर येतं, तेव्हा गच्चीवरची वीज त्या वाटेने यायची नाही. पण डब्याचा ॲडॉप्टर भिंतीतल्या सॉकेटमध्येच असतो, म्हणून ढग गडगडले की मी केबल काढून ठेवतो. परवा संध्याकाळी असाच टेबलाखाली शिरलो, तर स्वयंपाकघरातून आवाज आला, ‘परत सुरू झाला का नमस्कार?’