दुसरा बेस गिटार, बजेट पंचवीस हजार: स्क्वायर सॉनिक प्रिसिजन वापरून काय वाटलं

आषाढात घेतला, आता मार्गशीर्ष लागलाय. मधे गणपतीत तीन सोसायट्या, एक कोजागिरी आणि दोन लग्नं झाली, म्हणजे बोलण्याइतका वाजवून झालाय.

आधी दुसरा का हवा ते सांगतो. माझा पहिला बेस अ‍ॅक्टिव्ह आहे, म्हणजे आत बॅटरी लागणारा, दोन पिकअप (तारांची थरथर पकडणारे), पाच नॉब, आणि तो मला अजूनही आवडतो. पण गेल्या वर्षी एका लग्नात ऐन अंतऱ्यात बॅटरी गेली, आवाज आधी फाटला मग बंदच, आणि मागे ठेवायला दुसरं काहीच नव्हतं. आमच्या गाणाऱ्या ताई मागे वळून बघतायत आणि मी जॅक हलवतोय, बॅटरी असेल हे डोक्यातच आलं नाही. त्या रात्री ठरवलं की दुसरा घ्यायचाच आणि तो बिनबॅटरीचा. घरी आईने विचारलंच, एक आहे ना चांगला, मग परत तेच कशाला? खरं सांगायचं तर तिच्या त्या प्रश्नानेच निवड सोपी झाली. परत तेच घ्यायचं नव्हतं. पहिला जे करतो तेच थोडं जास्त चांगलं करणारा बेस पंचवीस हजारात मिळाला असता तरी तो कपाटातच राहिला असता.

आधी पाच तारांचा डोक्यात होता. ताईंची पट्टी खाली आहे, त्यामुळे खालचे सूर लागतात. पण पाचव्या तारेचा खालचा बी म्हणजे साधारण 31 हर्ट्झ, आणि आमच्या प्रॅक्टिसच्या अ‍ॅम्पला आठ इंची स्पीकर, त्यात तो सूर ऐकू येण्यापेक्षा नुसता घरघरतो. बेस घ्यायचा आणि मग त्याच्यासाठी अ‍ॅम्प घ्यायचा एवढे पैसे नाहीत. दोन-तीन गाण्यांपुरती ई तार डी ला उतरवली की आमचं भागतं. मग 30 इंची शॉर्ट स्केल, म्हणजे आखूड तारांचा, बघितला, हाताला खूप सुखाचा, पण कार्यक्रमाच्या मधे 34 इंचीवरून त्यावर उडी मारली की माझी बोटं फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या पट्ट्यांच्या) पुढेमागे पडायला लागली. घरी बसून वाजवायला एक नंबर, बॅकअप म्हणून माझ्यासाठी नाही.

मुंबईला काम होतं तेव्हा धोबी तलावला फुर्टाडोस या वाद्यांच्या दुकानात तासभर तीन-चार बेस वाजवून बघितले, त्यात हा सॉनिक प्रिसिजन हातात आला. पॉपलरची बॉडी, 20 फ्रेट, एक पिकअप, एक व्हॉल्यूम, एक टोन. संपलं. लिओ फेंडरने प्रिसिजन 1951 मध्ये काढला, 1957 मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप आला, आणि तोच साचा आजही फेंडरच्या स्क्वायर या स्वस्त ब्रँडमध्ये मिळतो. या दोन तुकड्यांचा आम्हा मांडवात वाजवणाऱ्यांना फार मोठा फायदा आहे. दोन्ही कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात त्यामुळे हम्, म्हणजे विजेची घूं, कापली जाते. आपल्याकडे मांडवातली वायरिंग, लाइटचे डिमर, अर्थिंगचा पत्ता नाही, अशा ठिकाणी पहिल्या बेसचा मागचा पिकअप एकटा लावला की गाण्यापेक्षा घूं जास्त, आणि हा तिथेच शांत. गणपतीत साउंडवाल्या दादाने पहिल्यांदा मला विचारलं नाही की बेसला काय झालंय.

नवा घेतला असता तर बाकी खर्चाला काही उरलं नसतं म्हणून कोथरूडला एका मुलाकडून सेकंड हँड घेतला, 15,500 ला. घेताना प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट दाबून बघितला, वीस गुणिले चार, पंधरा मिनिटं लागतात, त्या मुलाने बिचाऱ्याने चहा केला तोवर. ट्रस रॉडचा (नेकच्या, म्हणजे मानेच्या, आतली तिचा बाक सांभाळणारी सळई) नट फिरतोय का हे स्वतः हात लावून बघा, तो जाम असेल तर कितीही स्वस्त असला तरी उठून यायचं. याचा व्हॉल्यूम नॉब खरखरत होता, कारण वर्षभर बॅगेतच पडून होता. स्प्रे मारून दहा मिनिटांत गेला.

उरलेल्या पैशात फ्लॅटवाउंड तारा (वरून सपाट, गुळगुळीत), साधारण चार हजार, त्या मात्र फुर्टाडोसमधूनच आणल्या. दीड हजार सेटअप, अठराशेची बॅग. एकूण 22,800. लोक बेसवर सगळे पैसे घालवतात आणि कारखान्यातून आलेल्याच तारांवर वर्षभर वाजवतात, मला ते पटत नाही. फ्लॅटचा ताण सहसा जास्त असतो म्हणून नेक पुढे ओढली गेली, ती सरळ करावी लागली. सध्या पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबला की मधे तार आणि फ्रेटमध्ये 0.3 मिलिमीटरच्या आसपास फट आहे आणि सतराव्या फ्रेटला ई तार 2.4 मिलिमीटर वर, हात अजिबात दुखत नाही.

आणि आवाज! अमेरिकन बेसवादक जेम्स जेमर्सनने मोटाउन या रेकॉर्ड कंपनीची ती बरीचशी गाणी 1962 च्या प्रिसिजनवर फ्लॅट तारा लावून एका बोटाने वाजवली, ते का हे आता हाताला कळतंय. सूर उमटतो, गोल भरतो आणि बाजूला होतो, ढोलकीला जागा देतो. पंचमदांच्या काळातली गाणी आम्ही बरीच करतो, त्यात आधी माझ्या तारांची चकचक गाण्याच्या वर यायची. ब्रिजजवळ तारांखाली भांडी घासायच्या स्पंजचा कोरा तुकडा कापून घातला तर अजून जुना आवाज येतो, लावणीला स्पंज काढतो, बाकी वेळ असतो.

स्लॅप (अंगठ्याने तार आपटून वाजवणं) यावर करू नका, फ्लॅटवर मजा नाही, त्यासाठी माझा पहिला आहेच. वरच्या फ्रेटवर सोलो वाजवणाऱ्यांना 20 कमी पडतील. आणि टोन पूर्ण बंद करून छोट्या अ‍ॅम्पवर वाजवलं तर सूर चिखलात जातो, अर्ध्यावर ठेवा.

पहिला बेस अजून प्रत्येक कार्यक्रमाला बरोबर नेतो. फक्त गेल्या दोन लग्नांत बॅकअप म्हणून तोच स्टँडवर होता.