पायथनचे डॉक्स सुधारावेत की रस्टचे?

ओपन सोर्समध्ये हात घालायचा आणि सुरुवात डॉक्सपासून, म्हणजे कोड कसा वापरायचा ते सांगणाऱ्या पानांपासून करायची, असं ठरवलेले नाशिकमधले बरेच जण एका प्रश्नापाशी अडतात. स्टँडर्ड लायब्ररीचे (भाषेसोबत तयार मिळणाऱ्या फंक्शनांचे) डॉक्स सुधारायचे तर पायथन या प्रोग्रामिंग भाषेचे की रस्टचे? मी दोन्हीकडे थोडंफार काम केलंय आणि आता एकीकडेच करतो. गिट येतं, पुल रिक्वेस्ट कशी पाठवायची ते ठाऊक आहे, असं धरून लिहितोय.

वेबसाठीच्या पीएचपी या भाषेचं नावही या यादीत असतं. तिथल्या फंक्शनच्या पानाचा साचा मला आजही सगळ्यांत आवडतो: वर्णन, पॅरामीटर, परत काय येतं, कुठल्या आवृत्तीत काय बदललं. पण लिखाण सगळं टॅगांनी भरलेल्या डॉकबुक एक्सएमएलमध्ये, आणि उदाहरणाखालचं आउटपुट हाताने टाइप केलेलं. पहिल्याच कामासाठी मी ते सुचवणार नाही.

आपण मराठी माणसांनी यात पडावं याला एक ठोस कारण आहे. माझं रोजचं काम मराठी नावा-पत्त्यांच्या याद्यांचं. नाशिक जिल्ह्यातल्या १५ तालुक्यांची नावं देवनागरीत लिहा आणि प्रत्येकाला पायथनचं इझ-अल्फा (isalpha), म्हणजे 'यात फक्त अक्षरंच आहेत का' हे तपासणारं फंक्शन, लावून बघा. उत्तर 'हो' येतं फक्त कळवणचं. बाकी चौदा नापास! कळवणमध्ये एकही काना-मात्रा-वेलांटी नाही म्हणून ते सुटतं. इझ-अल्फा युनिकोडमधल्या (सगळ्या लिप्यांच्या चिन्हांच्या जागतिक यादीतल्या) 'लेटर' वर्गातली अक्षरंच मानतं, आणि आपला काना किंवा वेलांटी त्या वर्गात नाही, 'मार्क' वर्गात आहे. रेग्युलर एक्स्प्रेशनमधल्या (मजकुरात नमुना शोधायच्या पद्धतीतल्या) बॅकस्लॅश-डब्ल्यूचं, म्हणजे शब्दातलं अक्षर शोधणाऱ्या खुणेचंही तेच. 'नाशिक'वर चालवला की न, श आणि क असे तीन तुकडे हातात येतात.

रस्टचं तसंच फंक्शन, इझ-अल्फाबेटिक (is_alphabetic), युनिकोडचा 'अल्फाबेटिक' हा गुणधर्म बघतं. त्यात काना, मात्रा, अनुस्वार बसतात, पण पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, बसत नाही. नावातलं प्रत्येक चिन्ह तपासलं तर तेरा तालुके पास होतात, सिन्नर आणि त्र्यंबकेश्वर अडकतात.

दोन्ही भाषा आपापल्या व्याख्येशी प्रामाणिक आहेत, कोड कुठेच चुकलेला नाही. पायथनच्या डॉक्समध्ये तर कुठले वर्ग धरले ते दिलंय आणि हे युनिकोडच्या 'अल्फाबेटिक'पेक्षा वेगळं आहे असंही स्पष्ट लिहिलंय. पण ते वाचून नाशिकच्या सिडकोतल्या एखाद्या डिप्लोमाच्या पोराला आपला फॉर्म 'निफाड' का नाकारतोय हे कळेल का? मला नाही वाटत. नियम लिहिलेला असतो, त्याचा आपल्या लिपीवर होणारा परिणाम लिहिलेला नसतो. ही जागा भरायला देवनागरी रोज वापरणारा माणूसच लागतो, आणि तो आपल्याकडे आहे.

आता कुठे भरायची ते बघू.

पायथनच्या बाजूने बोलण्यासारखं खूप आहे. डॉक्स रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट (आरएसटी) या साध्या लिखाण-पद्धतीत आहेत, एका दुपारी सरावाचे होतात. ते बिल्ड करायला, म्हणजे त्यांची वेबपानं बनवायला, फक्त स्फिंक्स हे साधन लागतं, भाषा कंपाइल करावी लागत नाही, जुन्या लॅपटॉपवरही निभावतं. एकदाच एक करारपत्र ऑनलाइन मान्य करावं लागतं, ते मिनिटभराचं काम. मुख्य म्हणजे डॉक्समधली दुरुस्ती चालू आवृत्तीच्या शाखेतही नेली जाते, त्यामुळे मर्ज झाल्यावर ती वाचकासमोर लवकर येते. रस्टमध्ये ती दुसऱ्या दिवशी नाइटलीत (रोज निघणाऱ्या प्रायोगिक आवृत्तीत) दिसेल, पण स्थिर आवृत्ती दर ६ आठवड्यांनी निघते आणि मध्ये बीटाचा टप्पा असतो, त्यामुळे तिथे पोचायला दीड ते तीन महिने लागतात. शिवाय वाचक कुठे आहेत हेही बघायला हवं. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या इथल्या कॉलेजांत पोरं पायथन शिकतात. रस्ट उघडणारी त्या मानाने थोडीच.

एवढं असूनही मी रस्टकडे वळलो, आणि मुख्य कारण एकच आहे. पायथनमध्ये एका फंक्शनचं वर्णन दोन ठिकाणी राहतं. वेबवर दिसतं ते डॉक फोल्डरमधल्या आरएसटी फाइलमधून येतं. पायथनच्या प्रॉम्प्टवर हेल्प म्हटलं किंवा एडिटरमध्ये नावावर माउस नेला की दिसते ती डॉकस्ट्रिंग, म्हणजे कोडमध्येच लिहिलेलं छोटं वर्णन, आणि ती वेगळीच लिहिलेली असते. इझ-अल्फाचीच घ्या. वेबवर युनिकोडचे वर्ग सांगितलेत. डॉकस्ट्रिंग मात्र एवढंच म्हणते की सगळी अक्षरं अल्फाबेटिक असतील आणि निदान एक तरी अक्षर असेल तर 'हो'. म्हणजे काय, ते नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये नेट बंद असताना पोरगं हेल्पच उघडणार, आणि त्याला हीच ओळ दिसणार.

तुम्ही आरएसटीत मात्रांबद्दल मन लावून टीप लिहिली, तरी ती हेल्पमध्ये आपोआप येत नाही. ती तिथे न्यायची तर डॉकस्ट्रिंग सी भाषेतल्या युनिकोडऑब्जेक्टच्या फाइलमध्ये आहे. ती बदलली की आर्ग्युमेंट क्लिनिक नावाच्या साधनाने शेजारची हेडर फाइल पुन्हा तयार करावी लागते. मग ते नुसतं डॉक्सचं काम राहत नाही. डॉकस्ट्रिंग मुद्दाम आटोपशीर ठेवतात, त्यालाही कारणं आहेत, मान्य. पण एकच गोष्ट दोन जागी सांभाळायची म्हटलं की माझं तरी मन लागत नाही. ज्याच्यासाठी लिहिलं त्याच्यापर्यंत ते पोचलं का, हे समजायला काही मार्गच नसतो.

रस्टमध्ये वर्णन फंक्शनच्या डोक्यावरच तीन तिरप्या रेघांच्या कॉमेंटमध्ये असतं, साध्या मार्कडाउनमध्ये. वेबचं पान त्यातूनच बनतं, एडिटरमधली खिडकी त्यातूनच, आणि रस्टअप या इन्स्टॉलरने संगणकावर उतरवलेली ऑफलाइन प्रतही त्यातूनच. एक ओळ बदला, सगळीकडे बदलते.

दुसरी गोष्ट उदाहरणांची. कॉमेंटमधला कोड ठोकळा वेगळं काही सांगितलं नसेल तर चाचणीत प्रत्यक्ष कंपाइल होऊन धावतो. उद्या कुणी फंक्शनचं वागणं बदललं तर तुमचं उदाहरण तिथेच लाल होईल. पायथनकडे उदाहरणं चालवून बघणारं डॉकटेस्ट २००१ पासून आहे, पण डॉक्समधलं प्रत्येक उदाहरण त्यातून जातंच असं नाही. डोळ्यांत तेल घालून डॉक्स तपासणारी माणसं दोन्हीकडे आहेत, रस्टमध्ये यंत्रही त्यांच्या मदतीला आहे एवढाच फरक.

रस्टच्या डॉक्सचा सूरही मला भावतो. स्ट्रिंगची (मजकुराची) लांबी सांगणाऱ्या लेन या फंक्शनच्या पानावर सरळ सांगितलंय की ही लांबी बाइटमध्ये आहे, माणूस ज्याला लांबी म्हणेल ती ही नसेलही. 'नाशिक'ची लेन १५ येते तेव्हा ते वाक्य किती कामाचं आहे ते पटतं. पायथन त्याच शब्दाला ५ म्हणतं. आपण वाचतो ती अक्षरं तीन.

रस्टची अडचण लपवत नाही. रेपॉझिटरी अवाढव्य आहे. स्टँडर्ड लायब्ररीचे डॉक्स स्वतःच्या मशीनवर बिल्ड करायचे तर डिस्कवर बरीच मोकळी जागा आणि चांगलं नेट हवं. मी उदाहरण आधी एका छोट्या वेगळ्या प्रोजेक्टमध्ये कार्गो टेस्टने (रस्टच्या चाचण्या चालवणाऱ्या आज्ञेने) चालवून घेतो आणि मगच खऱ्या फाइलला हात लावतो. छोट्या बदलाला तेवढं पुरतं.

तुमचा वर्ग, तुमचे सहकारी पायथनवरच जगत असतील आणि बदल लगेच दिसायला हवा असेल, तर पायथनच घ्या, मी अडवणार नाही. पण एखाद्या फंक्शनचं वर्णन एकदाच, नीट आणि टिकेल असं लिहायचं असेल तर रस्टकडे या.

सुरुवातीला कॅरेक्टर प्रकाराचं इझ-अल्फाबेटिक उघडा. उदाहरणांत इंग्रजी ए आहे, एक चिनी अक्षर आहे, आणि नकारासाठी बदामाचा इमोजी. तिथे दोन ओळी सुचवा: काना 'हो' आणि हलन्त (युनिकोड क्रमांक यू प्लस ०९४डी) 'नाही'. हलन्त थेट न लिहिता एस्केप कोडने (चिन्हाऐवजी त्याचा क्रमांक देऊन) लिहा, नाहीतर एडिटरमध्ये तो अवतरणचिन्हाला चिकटून दिसतो आणि रिव्ह्यू करणाऱ्याला वाचता येत नाही. पुल रिक्वेस्टच्या वर्णनात सिन्नरचं उदाहरण द्या, आणि एका वेळी एकच फंक्शन घ्या.