ब्लॅक बेल्टच्या नावाखाली ७९,६५० रुपये: पोरांना कराटेला घालण्याआधी हे वाचा

७९,६५० रुपये. महिन्याची ८०० रुपये फी यात धरलेली नाही. ती मी सोडून दिली, कारण तेवढा वेळ तरी पोरगी मोबाइलपासून लांब होती. बाकीचा हिशेब देते, म्हणजे "मॅडम, क्लास म्हटला की खर्च आलाच" असं मला परत कुणी ऐकवायला नको.

प्रवेश १,५००. ड्रेस १,८५०, तसलाच ड्रेस बाजारात ६५० ला मिळतो हे नंतर कळलं, पण "आपल्या लोगोशिवाय परीक्षेला बसता येत नाही." बेल्टच्या परीक्षा: यलो ९००, ऑरेंज १,१००, ग्रीन १,३००, ब्लू १,५००, पर्पल १,८००, ब्राउन २,५००. हातापायाचे गार्ड आणि हेडगार्ड ४,२००. गोव्याची "आंतरराष्ट्रीय" स्पर्धा मुलीचे ६,५०० आणि सोबत पालक म्हणून माझे ३,५००. ब्लॅक बेल्टचं स्पेशल पॅकेज २८,०००. मलेशियाला "भारतीय संघातून" जायचा अॅडव्हान्स २५,०००. करा बेरीज.

असले क्लास कसे चालतात हे काही नवीन सांगायला नको. शाळेच्या गेटवर पत्रकं, पहिला आठवडा फ्री, पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप, दर तीन महिन्यांनी बेल्ट, आणि प्रत्येक बेल्टला हार घालून फोटो. मी पतसंस्थेत कामाला आहे, दिवसभर दुसऱ्यांच्या पावत्या तपासते. हसा खुशाल. पण क्लास पालिकेच्या शाळेच्या हॉलमध्ये भरायचा, बॅनरवर नगरसेवकांचा फोटो, आमच्याच कॉलनीतली वीसेक पोरं तिथं जायची. अशा ठिकाणी कोण संशय घेतं? तुम्ही घेतला असता का?

भिंतीवर फ्रेम करून लावलेली सर्टिफिकेटं होती, तेवढी मात्र सांगते, कारण सगळे त्यालाच भुलतात. "शासनमान्य" म्हणून जो नंबर होता तो संस्था नोंदणीचा, म्हणजे १८६० च्या कायद्याखालचा. सात माणसं गोळा करून भजनी मंडळाचीही नोंदणी होते तसलाच तो. त्यानं कराटे शिकवायची कसलीच परवानगी मिळत नाही. "आयएसओ ९००१:२०१५" हे कामकाजाच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, त्यात कुणाला किक मारता येते का हे तपासत नाहीत. आणि उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंद, ती तर घरबसल्या आधार नंबरवर फुकट होते. सरांनी तीसुद्धा सोनेरी फ्रेममध्ये लावली होती.

आता गोवा. त्याबद्दल लिहिताना अजून डोकं तापतं.

लग्नाचा हॉल. खाली दोन ठिकाणी मॅट. स्पर्धा वजनी गटाची, असं पत्रकात होतं, पण अख्ख्या हॉलमध्ये वजनकाटाच नव्हता. मी विचारलं, तर "फॉर्मवर लिहिलंय ना वजन, तेच धरतो." फॉर्मवरचं वजन मी अंदाजे लिहिलं होतं. मुलीच्या गटात तीन मुली. तीन! पहिल्याच लढतीत समोरच्या धिप्पाड मुलीनं तिला मिनिटभराच्या आत ८-० नं घालवलं. कराटेत आठ गुणांची आघाडी झाली की लढत तिथंच थांबते. पोरगी रडत बाहेर आली, आणि दुपारी तिच्या गळ्यात ब्रॉन्झ! एकही गुण न घेता आंतरराष्ट्रीय पदक. आमचे सर एका मॅटवर पंच होते, दुसऱ्या मॅटवर आमच्याच पोरांचे कोच होते आणि बक्षीस वाटपाला स्टेजवर आयोजक म्हणूनही तेच होते.

आणि परदेशी संघ? जॅकेटवर पाठीमागं "नेपाळ" छापलेली पाच-सहा पोरं होती. त्यांतला एक हॉलबाहेरच्या गाड्यावर सरबत घेत होता. मी शेजारी उभी. तो गाडेवाल्याला म्हणाला, "ह्ये केवढ्याला हो मामा?" अस्सल बेळगावी. माझ्या हातात पाण्याची बाटली होती, ती तशीच राहिली. तिथंच, त्याच मिनिटाला, मुलीचा हात धरून बसस्टँड गाठायचं होतं. पण मनानं काय केलं? बेळगावात नेपाळी कुटुंबं नसतात काय, असेल त्यांतलंच एखादं. वर मी त्या पोरासोबत लेकीचा फोटो काढला आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, "नेपाळच्या खेळाडूसोबत." सत्तर जणांनी अंगठे दाखवले. त्या सत्तर जणांना आता काय सांगू?

स्पर्धेचे पैसे भरण्याआधी ड्रॉ, म्हणजे कोण कुणाशी लढणार याची यादी, मागा. गटात किती जण, वजन कधी होणार, पंच कुठले. सांगत नसतील तर जाऊ नका. बस्स.

गोव्याहून आल्यावर सरांनी मला आणि ह्यांना बसवून घेतलं. पोरगी दहावीत जाणार होती, तिथं बरोबर बोट ठेवलं. क्रीडा सवलतीचे वाढीव गुण मिळतील, पुढं सरकारी नोकरीत खेळाडूंचं ५ टक्के आरक्षण, "आंतरराष्ट्रीय सर्टिफिकेट म्हणजे आयुष्याची सोय." ते ५ टक्के आरक्षण खरंच आहे, गुणांची सवलतही खरीच आहे. खऱ्या गोष्टीला खोटं चिकटवलं की ते ओळखू येत नाही. कुठल्या स्पर्धेचं सर्टिफिकेट चालतं हे त्यांनी सांगितलं नाही, आणि आम्हाला विचारायचं सुचेल अशी ती वेळ नव्हती. दोन पालक आधीच चेक घेऊन बसले होते. (ते दोघं सरांचे भाचे-मेहुणे होते म्हणे. हे आत्ता कळतंय.)

सर म्हणायचे, "कराटे ऑलिम्पिकमध्ये आहे." होतं, एकदाच, टोकियोला, २०२१ मध्ये. पॅरिसला २०२४ मध्ये नव्हतं. एशियाडमध्ये मात्र १९९४ पासून आहे. आणि आपल्याकडं या खेळाच्या संघटनांचा गोंधळ जुना आहे. २०२० मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटनेनं तेव्हाच्या राष्ट्रीय कराटे संघटनेची मान्यताच काढली होती. असल्या गोंधळात कुणीही "इंडिया", "वर्ल्ड", "एशियन" असली नावं घेऊन दुकान थाटतं. मी एकदा विचारलं होतं की आपली संघटना कुठली. उत्तर मिळालं, "मॅडम, फेडरेशनमध्ये सगळं राजकारण चालतं, आम्ही त्यात पडत नाही, आम्ही फक्त खेळ बघतो." ऐकून मला उलट आदरच वाटला.

ब्लॅक बेल्टचं पॅकेज म्हणजे सहा महिन्यांत थेट जपानहून सर्टिफिकेट. नियमित सराव करणाऱ्याला ब्लॅक बेल्टपर्यंत पोचायला चार-पाच वर्षं सहज लागतात. ज्या क्लासमध्ये बेल्टची तारीख आणि रक्कम आधी ठरते आणि परीक्षेत आजवर एकही पोर नापास झालेलं नाही, तिथं तुम्ही कापडाची पट्टी विकत घेताय.

शिकवणं तरी कसं होतं? वार्षिक कार्यक्रमात पोरांकडून कौलं फोडून घ्यायची. एकावर एक रचलेली कौलं, मध्ये लाकडाचे बारीक तुकडे ठेवून फट पाडलेली. फट असली की वरचं कौल फुटून खालच्यावर आदळतं, पोराला मोठं काही करावं लागत नाही. शेवटी एका मोठ्या मुलाला आडवं झोपवून पोटावरून मोटारसायकल. पालक टाळ्या वाजवतायत. मीही त्यांत. यात स्वसंरक्षण कुठं आहे? रस्त्यात कुणी आडवं पाडून पोटावर गाडी घालतं का?

स्वसंरक्षणाचं खरं माप आमच्या अंगणात निघालं. दिवाळीत माझा भाचा आला होता, तालमीत जाणारा. गंमत म्हणून त्यानं लेकीचं मनगट धरलं, "सोडव बघू." तिला तंत्र माहीत होतं, धरणाऱ्याच्या अंगठ्याकडं झटका द्यायचा, तिकडंच पकड उघडी असते. बरोबर आहे तंत्र. पण हात सुटेना. दोनदा, तीनदा. मग ती वैतागून म्हणाली, "तू असं नाही धरायचं! आमच्यात धरतात तसं धर." आमच्यात म्हणजे काय, समोरचा झटका बसायच्या आतच हात सोडतो. ब्राउन बेल्ट होती ती तेव्हा. क्लास बघायला जाल तेव्हा एवढंच बघा की समोरचा पार्टनर खरा जोर लावतोय का. ओरडायला, ढकलून पळायला, मागून धरलं तर काय करायचं हे शिकवतात का. नुसतं रांगेत उभं राहून हवेत पंच मारणं हा चांगला व्यायाम आहे, पण त्याला स्वसंरक्षण म्हणून जास्तीचे पैसे देऊ नका.

व्यायामाचंही सांगते. साध्या फरशीवर मुठी टेकून पुशअप, उशीर झाला की बेडूकउड्यांच्या फेऱ्या, वॉर्मअप नावाला. लेकीचा गुडघा दुखायला लागला तेव्हा सर म्हणाले, "दुखतंय म्हणजे तयार होतोय." डॉक्टरांनी उड्या बंद करायला सांगितल्या. मॅट नाही, प्रथमोपचाराची पेटी नाही, असल्या ठिकाणी पोरगं ठेवू नका, सर कितीही गोड बोलू देत.

आमचे सासरे पहिल्यापासून म्हणत होते की कोल्हापूर तासाभरावर आहे, तिथं मर्दानी खेळाच्या तालमी आहेत, पोरीला लाठी नि दांडपट्टा शिकवा. आम्हाला ते जुनाट वाटलं. आता ते काही बोलत नाहीत, पेपर वाचत बसतात.

भांडं फुटलं ते शाळेत. वाढीव गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांकडं जातो, तिथून बोर्डाकडं. शाळेच्या क्रीडाशिक्षकांनी गोव्याचं सर्टिफिकेट उलटंपालटं करून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "ही संघटना मान्यतेच्या यादीतच नाही. शालेय स्पर्धेत तालुक्याला तरी खेळलीय का?" नाही. सर शालेय स्पर्धेला पाठवायचेच नाहीत, "तिथं लेव्हल नसते" म्हणून. मी संध्याकाळी क्लासवर गेले तर हॉलला कुलूप. ग्रुपवर आता फक्त अॅडमिनच मेसेज टाकू शकतात, असं दिसलं. फोन बंद.

पुढचं वाचून तुमचंही रक्त उकळेल. पोलीस ठाण्यात पहिला प्रश्न, पावती आहे का. पावती कसली, सगळे पैसे यूपीआयनं सरांच्या बायकोच्या खात्यावर. स्टेटमेंट काढून नेलं, तर "हे तर तुम्ही स्वखुशीनं दिलेत. दिवाणी बाब आहे, ग्राहक मंचात जा." मी म्हटलं, परदेशात नेतो म्हणून पैसे घेऊन पळून जाणं ही फसवणूक नाही? पूर्वीचं ४२० कलम आता न्याय संहितेत ३१८ आहे, ते वाचून गेले होते मी. साहेब हसले. "मुलगी काहीतरी शिकली ना पण?" अर्ज ठेवून घेतला, पोच देईनात. पोचेसाठी दुसऱ्या दिवशी ह्यांना घेऊन जावं लागलं. बाई एकटी आली की अर्जाला शिक्का मिळत नाही बहुतेक.

क्रीडा कार्यालयात तर कमालच. "ही संघटना आमच्याकडं नोंद नाही, त्यामुळं कारवाई आमच्या अखत्यारीत येत नाही." म्हणजे नोंदणी केलेल्यावर कारवाई करणार, आणि ज्यानं नोंदणीच केली नाही तो मोकळा! मग ती यादी बाहेर फलकावर तरी लावा म्हटलं, तर "माहिती अधिकारात अर्ज टाका." पालिकेत विचारलं की शाळेचा हॉल कुणाच्या सहीनं दिलात. "भाडं वेळेवर यायचं." बॅनरवर फोटो असलेल्या नगरसेवकांच्या घरी गेले. "ताई, फोटो कोण कुठं लावतं आम्हाला काय माहीत." फीत कापताना हातात कात्री कुणी दिली होती, हे विचारायचं तोंडावर आलं होतं.

ग्राहक आयोगात मात्र तक्रार दाखल झाली. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी लागत नाही, ऑनलाइन करता येते, वकील सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांच्या आत करावी लागते. आधी १९१५ या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली तर तोही कागद उपयोगी पडतो. आणि मलेशियासाठी पोरीच्या आधार कार्डाची झेरॉक्स दिलीय ना? आधारचं बायोमेट्रिक लॉक करून टाका. ते मला कुणी सांगितलं नाही, माझं मीच शोधलं.

कॉलनीतले बाकीचे पालक गप्प आहेत. नाव बाहेर येईल, पोरांना चिडवतील, जाऊ दे. एकानं तर अजून शोकेसमध्ये ट्रॉफी ठेवलीय. मला तारीख मिळालीय पुढच्या महिन्याची आणि तिथं आणखी चार पालकांच्या सह्या असत्या तर बरं झालं असतं. गोव्याला आलेल्यांपैकी कुणी हे वाचत असेल तर एक काम करा, ते ब्रॉन्झचं सर्टिफिकेट काढून मागच्या बाजूचा अनुक्रमांक बघा. माझ्या लेकीचा आणि शेजारच्या मुलाचा एकच आहे.