चाळीस रुपयांची काळी काच, पावसाळाभर वापरल्यावर

अठराशे रुपयांचा व्हेरिएबल एनडी (लेन्सवर लावून फिरवला की कमी-जास्त गडद होणारा फिल्टर) परत करायला गेलो, तर विक्रेत्याचं उत्तर आलं: "सर, वाइड लेन्सला फुली येणारच, तो दोष नव्हे." शास्त्राने त्याचं बरोबर आहे. आत दोन पोलरायझर, म्हणजे प्रकाश एकाच दिशेत गाळणाऱ्या काचा, एकावर एक असतात. जास्त गडद करत गेलं की आकाशात काळी फुली उमटते. मग डब्यावर "आठ स्टॉप" कशाला छापलं? (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा.) पैसे बुडाले ते बुडालेच. तेव्हापासून दिवसाउजेडी शटर कित्येक सेकंद उघडं ठेवायचं तर सगळी भिस्त वेल्डिंगच्या काळ्या काचेवर.

गोव्यातल्या म्हापशाच्या एका हार्डवेअरवाल्याकडे गेलो. "कितलो नंबर जाय?" (कोकणीत, किती नंबर हवा?) आठ म्हटल्यावर त्याने मान वर करून पाहिलं, कारण आर्क वेल्डिंगवाले दहा-अकरा नेतात; नंबर मोठा तितकी काच गडद. हिशेब सोपा आहे. नंबरातून एक वजा करा, तीनने गुणा, सातने भागा. ही काचेची घनता. आठ नंबरची येते ३, म्हणजे एकावर तीन शून्यं, हजारातला एक भाग प्रकाश आत, म्हणजेच दहा स्टॉप. दहा नंबरची जाते जवळजवळ तेरा स्टॉपवर. हरवळ्याच्या धबधब्यावर ढगाळ दुपारी काचेशिवाय १/६० सेकंदाचं शटर मिळत असेल तर आठ नंबरने सोळा-सतरा सेकंद होतात, दहाने जवळजवळ दोन मिनिटं. तुषार उडत असताना छत्री धरून तेवढा वेळ बल्बवर (बटण दाबलेलं असेपर्यंत शटर उघडं) कोण उभं राहणार? आठच घ्या. आणि दोन इंची अरुंद पट्टी घेऊ नका, ५२ मिमीच्या लेन्सलाही ती पुरत नाही. सव्वाचार बाय सव्वातीन इंची मागा.

हिरव्या रंगाबद्दल सगळे रडतात. मी नाही रडत. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा, काच लावूनच पांढऱ्या कागदावर व्हाइट बॅलन्स घ्या, उरलेला हिरवा मजेंटाने मारा. लाल चॅनलमध्ये दाणे येतात, माणसांची कातडी आजारी दिसते. तेव्हा माणसं काढू नका, किंवा सरळ कृष्णधवल करा.

खरं दुखणं वेगळंच आहे आणि त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. केरीच्या किनाऱ्यावर संध्याकाळी, ऊन बाजूने येत असताना काढलेल्या फोटोंत आकाशात एक फिकट कमान दिसायला लागली. घरी मोठं करून पाहिलं तर कमानीत अक्षरं! लेन्सच्या तोंडाभोवती छापलेलं तिचंच नाव आणि १८-५५ हे आकडे. काच रबरबँडने बांधलेली, तिच्या आणि लेन्सच्या मधे फट. फटीतून आलेला उजेड त्या पांढऱ्या अक्षरांवर पडतो आणि काचेच्या मागच्या बाजूवरून परावर्तित होऊन लेन्समध्ये शिरतो. समोरचं दृश्य हजारपट अंधारलेलं, फटीतला उजेड मात्र अख्खाच्या अख्खा. एरवी दिसलंही नसतं ते सोळा सेकंदांत छापून येतं. कंपनीने ती अक्षरं बाजूला छापली असती तर काय बिघडलं असतं? पुढून लेन्सचं नाव वाचणार कोण? फोटोत उभा राहणारा?

उपाय: अक्षरांवर काळी इलेक्ट्रिकल टेप, फटीला सभोवार पातळ काळा फोम, वरून काळं फडकं. रबरबँड इथल्या खाऱ्या हवेत चिकट होऊन तुटतात. सायकलच्या ट्यूबची कापलेली रिंग टिकते. डीएसएलआर असेल तर मागचा व्ह्यूफाइंडरही झाका, तिथूनही उजेड घुसतो. फोकस आधी करून ऑटोफोकस बंद करा, काच लावल्यावर काही दिसत नाही.

इथवर लिहून ठेवलं होतं, मग पणजीला बेतीच्या फेरी धक्क्यावर भर उन्हात गेलो आणि "आठच घ्या" हे मत बदललं. कडक उन्हात एफ १६, आयएसओ १०० ला शटर साधारण १/१०० येतं. आठ नंबरने दहा सेकंद: फेरीतून उतरणाऱ्या स्कूटरी पुसल्या जातात, पण तिकडे रेंगाळणारी मंडळी अर्धवट धुरकट राहतात. दहा नंबरने सव्वा मिनिट मिळतो आणि भरलेला धक्का रिकामा दिसतो, मांडवीचं पाणी तर कापडासारखं. तेव्हा दोन्ही घ्या. ऐंशी रुपये झाले. अठराशेत अजून किती येतील हे मोजायचं मी टाळतो.

एक्स-रेची फिल्म वापरून पाहिली, चित्र सगळं मऊ पडतं, नाद सोडा. या दोन्ही काचांतून डोळ्याने सूर्याकडे बघू नका, त्याला निदान बारा नंबर लागतो. काचेच्या कडा धारदार असतात, पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरवर आधी घासून घ्या. आणि धबधब्यावरून आल्यावर काच ओली असताना लेन्सवर ठेवून बॅग बंद करू नका. आपल्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरायला एवढं पुरतं, आणि ती काढून घ्यायला चाळीस रुपयांत भागत नाही.