जुन्या जादूसाठी जुनी नोट: अस्सल घ्यावी, परकी घ्यावी की नकली?

जुनं जादूचं सामान हाती आलं की पहिली अडचण येते ती नोटेची. दोन रूळांमधून कोरा कागद सरकवायचा आणि पलीकडून करकरीत नोट काढायची, ते नोटा 'छापण्याचं' यंत्र घ्या. ते ज्या काळी बनलं, त्या काळच्या नोटेच्या मापाने त्याचे रूळ केलेले असतात. आजच्या बऱ्याच नोटा त्याहून लहान. त्या रूळांत सैल पडतात आणि तिरक्या चालतात. माझ्या यंत्राने हा धडा मला पहिल्याच प्रयोगात दिला. नोट कोपरा दुमडून, वाकडी बाहेर आली आणि पहिल्या रांगेतला एक मुलगा खिदळायला लागला.

म्हणून नोट शोधण्याआधी फूटपट्टी हातात घ्या. अमेरिकेची नोट १९२९ पर्यंत सुमारे १८७ बाय ७९ मिलिमीटर होती, मग ती १५६ बाय ६६ वर आली. बँक ऑफ इंग्लंडची १९६० ची एक पौंडाची नोट १५१ बाय ७२, तर १९७८ ची १३५ बाय ६७. जुना पांढरा पाच पौंड तर तब्बल २११ बाय १३३. 'जुनी ब्रिटिश नोट' एवढंच सांगून मागवलीत तर यातलं काय हाती पडेल याचा नेम नाही.

त्याआधीही एक प्रश्न आहे: प्रयोगात नोट कुणाची असते? प्रेक्षकाकडून मागून घेतलेली असेल, तर जुन्या नोटेच्या वाटेलाच जाऊ नका. पितळी नळी, तिला आडवा खिळा, खिळ्याला कुलूप आणि आत प्रेक्षकाचीच नोट, या प्रयोगाचा सगळा जीव 'माझी नोट तिथे गेली कशी' यात आहे. बाद झालेली नोट कुणाच्याच खिशात नसते. ती तुमच्याच खिशातून निघाली की अर्धी जादू तिथेच संपते. नळीला तसंही मापाचं फारसं बंधन नाही, नोट घडी करून सुरळी केली की बसते. जुनी नोट लागते ती यंत्राला, ठराविक मापाच्या पाकिटाला आणि फाडून पुन्हा जोडण्याच्या त्या प्रयोगांना, जिथे जादूगार स्वतःची नोट वापरतो.

आता अस्सल की परकी. त्याच देशाची, त्याच काळातली नोट म्हणजे माप अचूक आणि सामानाशी शोभणारी. खोट अशी की तिचा दुसरा गिऱ्हाईक संग्राहक असतो आणि भाव तो ठरवतो. मात्र त्याला नको असलेलं आपल्याला चालतं. टाचणीचं भोक, शाईचा डाग, मधली घडी यांनी संग्राहकाच्या लेखी नोट पडते, पण चार हातांवरून त्यातलं काहीच दिसत नाही. तेव्हा विक्रेत्याकडे 'उत्तम अवस्थेतली' मागू नका, वापरलेली पण न फाटलेली मागा. यंत्रासाठी थोडी कडक बरी. हातचलाखीत, मुठीत दडवायची असेल तर मऊ झालेलीच हवी. कोरी नोट मुठीत उलगडू पाहते आणि वर आवाजही करते.

परक्या देशाची बाद नोट स्वस्त पडते, पण सगळ्याच नाहीत. इथे एक बारकावा पाहिला तर पैसे वाचतात. चलन बाद झालं तरी ती नोट बँक अजून बदलून देते का? युरोआधीचे जर्मन मार्क तिथली मध्यवर्ती बँक, बुंडेसबँक, आजही मुदतीशिवाय बदलून देते, १ युरोला १.९५५८३ मार्क या दराने. त्यामुळे १० मार्कांची नोट पाच युरोंच्या खाली देण्याचं कुणाला कारणच नाही. फ्रेंच फ्रँकच्या नोटांची मुदत फेब्रुवारी २०१२ मध्ये संपली, इटालियन लिराची त्याच्याही आधी, डिसेंबर २०११ मध्ये. या नोटांमागे आता फक्त संग्राहकांची हौस उरली आहे, म्हणून साध्या नोटा स्वस्तात निघतात. अमेरिकेचं उलटंच. तिथे १८६१ पासूनच्या नोटा आजही दर्शनी किमतीला चालतात, म्हणजे स्वस्त 'बाद डॉलर' नावाची वस्तूच नाही.

बंडल मिळालं तर मी एकट्या नोटेपेक्षा बंडल घेईन. ओळीने क्रमांक असलेल्या कोऱ्या नोटांचा उपयोग काय, हे जादूगाराला सांगायला नको आणि इतरांना सांगणार नाही. पण संख्येवर कुठे कायदा आड येतो, तेही बघा. भारतात २०१६ मध्ये बाद केलेल्या ५०० आणि १००० च्या नोटा १० पेक्षा जास्त बाळगायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. अभ्यास, संशोधन किंवा नाणेसंग्रहासाठी ही मर्यादा २५. त्यांचं बंडल कुणी देऊ केलं तर हात जोडा.

महागाईच्या काळातल्या नोटांचा मोह होतो. १९२३ च्या जर्मन नोटांतल्या कित्येक एकाच बाजूला छापलेल्या आहेत, 'छापण्याच्या' प्रयोगाला त्या भलत्याच शोभतात. युगोस्लाव्हियाची १९९३ ची ५०० अब्ज दिनारची नोट मात्र मी टाळतो. अकरा शून्यं दिसली की लोक जादू विसरून शून्यं मोजत बसतात.

नकलीबद्दल फार लिहावंसं वाटत नाही. घरी हुबेहूब छापायचा विचार डोक्यातून काढाच. अमेरिकेचा नियमच बघा: रंगीत प्रतिकृती मूळ मापाच्या पाऊणपटीहून लहान किंवा दीडपटीहून मोठी हवी आणि छपाई एकाच बाजूला. आपल्याला हवं असतं ते नेमकं मूळ माप! विकत मिळणारा रंगमंचाचा खोटा पैसा दुरून, पंख्यासारखा पसरून दाखवायला ठीक. जवळून तो कागद तोंडघशी पाडतो. नोटेचा कागद सुती असतो, त्याला एक खळखळ असते. लोकांना ती ओळखीची असते, नकली कागदात ती येत नाही.

प्लास्टिकच्या म्हणजे पॉलिमरच्या नोटा, ज्या ऑस्ट्रेलियाने १९८८ मध्ये आणल्या, त्या जुन्या सामानात नकोतच. त्या घडी धरत नाहीत, कापल्याशिवाय फाटत नाहीत आणि आगीजवळ जळायच्या ऐवजी आक्रसतात. जिथे चालू नोटा पॉलिमरच्या आहेत, तिथे फाडण्याच्या प्रयोगासाठी जुनी कागदी नोट शोधण्याला हे एक कारणच पुरेसं आहे.

सामान दुर्मीळ असेल आणि ते मांडून ठेवायचं असेल, तर त्याच्या काळची एक अस्सल नोट जरूर घ्या. रोज प्रयोग करायचे असतील तर परकी. मागवण्याआधी त्या मापाचा जाड कागद कापून यंत्रातून दहादा फिरवा, तिरका जात नसेल तरच पैसे द्या. माझ्या यंत्राचे रूळ ७८ मिलिमीटरचे. त्यात शेवटी बसली फ्रान्सची २० फ्रँकची नोट, १४० बाय ७५. तिच्यावर संगीतकार देब्युसी आहे, त्यामुळे रूळ फिरवताना काय बोलायचं तेही आयतंच मिळालं.