उर्तो की रोबो? स्पेनमध्ये तक्रार देताना

बार्सिलोनात शिकणाऱ्या भाचीचा मेट्रोत फोन गेला. तिचा प्रश्न: तक्रारीत 'उर्तो' लिहू की 'रोबो'? स्पॅनिश कायद्यातले हे चोरीचे दोन प्रकार.

पहिला निकष, चोरी कशी झाली. नकळत खिशातून काढलं, टेबलावरची पिशवी उचलली, तर उर्तो. मारहाण किंवा धमकी असेल तर रोबो. इथवर आपल्याकडच्या चोरी आणि जबरी चोरीसारखंच. पण आपली घरफोडीही तिथे रोबोच! कुलूप तोडलं, भिंत फोडली, अगदी चोरलेल्या किल्लीने दार उघडलं तरी. घरात कुणी नसलं तरीही. मराठी माणसाचा गोंधळ नेमका इथेच होतो.

किंमत: उर्तोत 400 युरोंची रेषा आहे. त्याच्या आत सहसा दंड, वर 6 ते 18 महिने कैद. रोबोला ही रेषा नाही. बळजबरी असेल तर 2 ते 5 वर्षं.

विमा: अनेक प्रवास पॉलिसी रोबोची भरपाई देतात, उर्तोची नाही. त्यासाठी घटना रंगवू नका, खोटी तक्रार हाही तिथे गुन्हाच आहे.

फोन नकळत गेला असेल तर उर्तो लिही. हिसकावताना ढकललं, ओढाताण झाली असेल तर रोबो, आणि ते तपशील तक्रारीत आलेच पाहिजेत.